तुकाराम बाजारात का जातो

२ नोव्हेंबर

औषध कंपनीवाल्याने दिलेली ही डायरी वर्षभर लॅबच्या खणात पडून होती. आता वर्ष संपत आल्यावर तिचं नशीब उघडलं, कारण धारच्या विनोदिनीताईंचा हुकूम आहे: कथा लिहायची तर आधी रोज चार ओळी लिहा, हात मोकळा होतो. माझा हात तसा मोकळाच आहे, दिवसभर लोकांचं रक्त काढत असते. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? धारला मुलींच्या शाळेत त्या संस्कृत शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर माणूस आपोआप ताठ बसतो.

चूक माझीच. कोजागिरीला आम्ही देवासहून धारच्या मराठी मंडळात गेलो होतो. रथसप्तमीला कथावाचनाची स्पर्धा आहे असं जाहीर झालं आणि मसाला दुधाच्या भरात मी नाव देऊन बसले. भाऊ तेव्हा शेजारी नव्हते, नाहीतर त्यांनी थांबवलं असतं. ते आणि विनोदिनीताई गच्चीच्या कठड्यापाशी धारच्या पवार राजांच्या इतिहासावर बोलत होते. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा मलाच त्यांना हाक मारायला जावं लागलं.

भाऊ म्हणजे माझे सासरे, निवृत्त इतिहास शिक्षक. सासूबाईंना, म्हणजे माईंना, जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या दिवशी माझा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, "भाऊंना सांभाळ." तेव्हापासून सांभाळते आहे. साखर, रक्तदाब, मोजे, मफलर, सगळं.

कथा लिहून झाली. लोहारद्याचा तुकाराम नावाचा म्हातारा दर आठवड्याला बसने खातेगांवच्या बाजारात जातो, पेरू घेतो, परत येतो. ताईंना दाखवायची, पण त्या मोबाईलवर वाचत नाहीत. भाऊ स्वतःहून म्हणाले, "मी नेऊन देतो धारला." किती गुणी माणूस.

६ नोव्हेंबर

भाऊ सकाळी गेले ते दिवेलागणीला आले. मी म्हटलं, चार पानं वाचायला एवढा वेळ? म्हणाले, "बाई बारकाईनं वाचतात."

निकाल असा: भाषा गोड आहे, पेरूचा वास येतो, पण तुकारामाला अडवतं कोण? कोणी अडवत नसेल तर तो बाजारात गेला काय अन् न गेला काय, ऐकणाऱ्याला काय त्याचं?

मला राग आला. एका गरीब म्हाताऱ्याला सुखानं बाजारही करू द्यायचा नाही? भाऊ हसले. "सूनबाई, दोष तुझा नाही, गावाचा आहे. देवासात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोघांचं राज्य. आणि तरी आपण अभिमानानं सांगतो की कधी मोठं भांडण झालं नाही. अशा गावात कथा कशी पिकणार?"

मयुरेश, म्हणजे माझा नवरा, फॅक्टरीतून येऊन जेवत होता. तो म्हणाला, "भांडण पाहिजे तर पाण्याच्या टँकरपाशी उभी राहा ना यार, दहा मिनिटात प्लॉट मिळेल."

१३ नोव्हेंबर

दुसरा खर्डा. नदीला पूर आणला. पूल बुडाला, तुकाराम अडकला, पाणी ओसरलं, तुकाराम बाजारात. घ्या संघर्ष. भाऊ घेऊन गेले.

१४ नोव्हेंबर

परत. "नदीशी माणूस भांडू शकत नाही, तो फक्त वाट पाहतो. पाणी ओसरलं की कथाही ओसरली." हे ताईंचं म्हणणं. भाऊंनी ते इतकं घोळवून सांगितलं की जणू स्वतःच रचलंय.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. आज भाऊंचं मासिक रक्त तपासलं आणि साखर बरीच खाली आली आहे. बसस्थानकात चढउतार, चालणं होतं, त्याचा हा परिणाम. मयुरेशला सांगितलं तर तो म्हणाला, "हां, चालण्याचाच असेल," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

२१ नोव्हेंबर

शेजारची मालन शिवणकाम करते. तिच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या हेच, पवार सरकारांच्या फौजेचे तंबू शिवायला म्हणून तिचे पूर्वज इकडे आले. ती कुंपणावरून म्हणाली, "वहिनी, भाऊ तर आजकाल एकदम टिपटॉप. दोन कुडते टाकून गेले शिवायला. बोलले, मालन, बटन जरा चांगले लाव, धारला जावं लागते."

मी म्हटलं, ताई कडक आहेत, त्यांच्यासमोर अवतारात कसं जाणार? मालन म्हणाली, "तेच ना," आणि दोरा दातानं तोडत आत गेली. चांगली आहे, पण कधीकधी उगाच हसते.

२७ नोव्हेंबर

तिसऱ्या खर्ड्यात एक दुष्ट सरपंच घातला. तो तुकारामाला बसमध्ये चढू देत नाही, काठी हिसकावतो. लिहिताना माझं मलाच इतकं वाईट वाटलं की पुढच्याच परिच्छेदात सरपंचाला पश्चात्ताप झाला आणि त्याने तुकारामाला आपल्या जीपमधून बाजारात सोडलं.

भाऊ वाचून म्हणाले, "तुला कोणाचं दुःख बघवत नाही, हे माणूस म्हणून ठीक आहे." बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं.

२९ नोव्हेंबर

काल भाऊ आठ वाजून गेल्यावर आले. पिशवीत मांडूची इमली, ती भोपळ्याएवढ्या कवचाची गोरखचिंच. मी विचारलं, "धारच्या वाटेत मांडू कुठून आलं?" म्हणाले, "कुणीतरी दिली." कपाळ उन्हानं रापलेलं, चपलांना लाल माती. बस फार धुळीची असणार.

वर सांगतात, ताईंनी गराडूचे कंद तळले होते. तळलेले, मसाला भुरभुरलेले, लिंबू पिळलेले. मी कपाळाला हात लावला. पुढच्या वेळी पथ्याचा कागदच पाठवते म्हटलं. भाऊ म्हणाले, "दोनच खाल्ले, इरा." चेहऱ्यावरून दोन वाटले नाहीत.

सरपंचावर ताईंचं मत: "दुष्ट माणूस आला की ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटालाच कळतं, हा हरणार. अडवणारा चांगला हवा. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे आणि ज्याचं आपल्यावर आहे, असा. त्याला ढकलून पुढे जाता येत नाही, तिथे कथा सुरू होते."

हे मात्र मला पटलं. रात्री पोळ्या करतानाही डोक्यात तेच होतं.

११ डिसेंबर

आजचा दिवस वाईट. भाऊ इंदूरला बस बदलताना पायरीवरून घसरले. गुडघा सोलला, हाड शाबूत. स्वतःच पुढे धारला गेले, मी पाठवलेला पथ्याचा कागद दिला, पट्टी बांधून घेऊन परत आले आणि मग मला सांगितलं. पट्टी फार नीट बांधली होती, आमच्या लॅबमध्येही कोणी अशी बांधत नाही.

 डोळ्यांसमोर माईच आल्या. मी सांगून टाकलं, आता धार बंद. कागद कुरियरनं जातील. भाऊ म्हणाले, "गुडघा माझा आहे." मी म्हटलं, "जबाबदारी माझी आहे." ते पट्टीवरून हात फिरवत राहिले. मयुरेश मध्ये पडायला बघत होता, त्यालाही मी गप्प केलं.

मी बरोबर केलं. पुन्हा पुन्हा विचार केला, बरोबरच केलं.

२० डिसेंबर

नवल घडलं. चौथा खर्डा एका बैठकीत झाला. तुकारामाला आता सून आहे. प्रेमळ, कामसू, जराशी तोंडाळ. त्याची चप्पल लपवते, बसची वेळ चुकीची सांगते, "बाबा, पेरू तर मी इथेच आणून देते" म्हणते. कसं कोण जाणे, सुनेचे संवाद सरसर उतरले. एकही शब्द खोडावा लागला नाही. यालाच प्रतिभा म्हणत असतील.

भाऊंना वाचायला दिलं. ते खूप वेळ शेवटच्या पानावर होते. मग म्हणाले, "हिच्यावर रागावताच येत नाही."

"तेच तर साधलंय ना, भाऊ."

"हो," म्हणाले. "साधलंय." आणि लवकर झोपायला गेले.

२ जानेवारी

नवीन वर्ष, डायरी जुनीच. मागची कोरी पानं वापरते आहे.

भाऊंची साखर वाढली. औषध तेच, पथ्य तेच, गराडू नाहीत, घराबाहेर पाऊल नाही. मी नमुना दोनदा लावून पाहिला. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मनाला काही लागलंय का? मी म्हटलं, छे, मी आहे ना घरात.

नवा कुडता खुंटीला तसाच आहे. टेकडीवर देवीच्या दर्शनालाही जात नाहीत. तपकिरी मफलर कुठे हरवलाय ते विचारलं तर म्हणाले, "असेल कुठेतरी."

कुरियरनं ताईंचा अभिप्राय आला, मोजून तीन ओळी. सून जिवंत उतरली आहे. कथा आता उभी राहिली आहे. फक्त एक सांगा, तुकारामाला बाजारात काय हवंय, हे त्याच्या सुनेनं कधी विचारलं का?

हा काय प्रश्न झाला? पेरू हवेत. पहिल्या खर्ड्यापासून पेरूच आहेत.

५ जानेवारी

जेवताना भाऊंना विचारलं. म्हणाले, "पेरूसाठी कोणी दर आठवड्याला दोन बसेस बदलत नाही, सूनबाई."

"माझ्या कथेत एकच बस आहे, भाऊ."

"हो का?" म्हणाले आणि ताक मागितलं. मयुरेशला ठसका लागला. पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे थांबला.

१४ जानेवारी

संक्रांत. माईंची पितळी कोयरी घासून लख्ख केली. दर वर्षी हळदीकुंकवाला मी तीच काढते, दुसरी कुठली मला चालत नाही.

भाऊंनी तिळगूळ घेतला, मला दिला, मयुरेशला दिला. मग डबीत चार वड्या वेगळ्या ठेवल्या आणि म्हणाले, "विनोदिनीबाईंना द्यायच्या होत्या."

मी म्हटलं, "कथेबरोबर कुरियरनं पाठवते."

"तिळगूळ कुरियरनं? तो हातावर ठेवायचा असतो, इरा. नाहीतर त्याच्याबरोबर बोलायचं ते कोण बोलणार, कुरियरवाला?"

आवाज चढला नव्हता. पण सहा वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. डबी ओट्यावर ठेवून खोलीत गेले. मयुरेश माझ्याकडे पाहत म्हणाला, "तू ना, सच में कमाल आहेस," आणि पतंग उडवायला गच्चीवर गेला. माझंच काही चुकतंय का? पण काय?

१८ जानेवारी

आज सगळं लिहायचं आहे. 

रविवार होता. ठरवलं की मीच धारला जाते, तिळगूळ देते आणि तो पेरूंचा प्रश्न एकदाचा मिटवते. भाऊंना सांगितलं नाही.

ताईंचं घर लहान आणि स्वच्छ. दार उघडताच त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मग मला आत घेतलं. पहिलं वाक्य, "भाऊसाहेबांचा गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. पाणी आणून दिलं आणि परत विचारलं, "जिना चढताना दुखतो का?"

चहा आणला. मी घोट घेतला, बिनसाखरेचा. ताई एकदम लाजल्या. साठी कधीच ओलांडलेल्या, शाळेच्या पोरींना चळचळा कापायला लावलेल्या बाई, त्या लाजल्या. "अगं बाई, तुम्हाला साखर चालते नाही का. हाताला सवय झाली."

व्हरांड्यात दोन खुर्च्या होत्या, शेजारी शेजारी. एकीच्या पाठीवर तपकिरी मफलर, नीट घडी घालून.

मी म्हटलं, सापडला एकदाचा. आणि पिशवीत टाकायला उचलला. ताईंची नजर मफलरावरून हलेना. का कोण जाणे, मी तो परत खुर्चीवर ठेवला.

मग कथेवर बोललो. मी सांगितलं, शेवट ठरवलाय, सून जिंकते, तुकाराम घरी सुखरूप राहतो. ताईंनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या, परत जुळवल्या. म्हणाल्या, "म्हणजे आता तुकाराम यायचाच नाही?"

"सुनेला काळजी वाटते ना, ताई."

"वाटणारच. फार चांगली आहे ती. त्याच्या तोंडी सारखं तिचंच कौतुक असतं." मग तिळगुळाची वडी तोंडात घातली.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. घाटाबिल्लोदपर्यंत मी ताईंवर चरफडत होते. कथेत कुठे आलंय, तुकाराम सुनेचं कौतुक करतो म्हणून? मी असं लिहिलेलंच नाही. कोणाजवळ केलं त्यानं कौतुक? बाजारात त्याला भेटतं तरी कोण?

आणि मग कळलं. एकदम, सगळंच. कुडत्याची बटणं, मांडूची इमली, पट्टी, बिनसाखरेचा चहा, खाली आलेली साखर आणि वर गेलेली साखर. जगाच्या रक्ताचे रिपोर्ट वाचते मी, आणि घरातल्या माणसाचा वाचता आला नाही.

आधी माईंसाठी वाईट वाटलं. मग भाऊंचा राग आला, मग ताईंचा, मग मालनचा, मयुरेशचा, सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून. बेटमा आलं तोवर माझाच आला. चप्पल लपवणारी सून मी किती प्रेमानं लिहिली होती. तुकारामाला अडवायला ना पूर लागला, ना सरपंच. माझ्यासारखी एक चांगली बाई पुरली.

आणि मग मला हसू आलं. बसमध्ये, एकटीला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काई हुयो बेटी?" मी म्हटलं, "म्हारा ससुराजी को ब्याव है." सासऱ्यांचं लग्न आहे, असं तोंडातून निघून गेलं आणि मग लक्षात आलं की मला ते हवं आहे. माईंनी भाऊंना सांभाळ म्हटलं होतं, कोंडून ठेव म्हटलं नव्हतं.

१९ जानेवारी

संध्याकाळी भाऊंसमोर कोरा कागद घेऊन बसले.

"भाऊ, शेवट बदलायचाय. सुनेला कळतं."

त्यांनी चष्मा काढला. "काय कळतं?"

"की पेरू नव्हतेच."

भाऊ चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि सून काय करते?"

"डबा बांधून देते. दोघांना पुरेल एवढा. आणि सांगते, इंदूरला बस बदलताना कठडा धरायचा."

"तुझ्या कथेत तर एकच बस होती."

"आता दोन आहेत."

भाऊंनी चष्मा परत घातला. शेवटी भाऊ म्हणाले, "तिच्या सासूचं काय? म्हणजे तुकारामाच्या बायकोचं. तिला कसं वाटेल?" ते रडत होते. सहा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "तिनंच सुनेला सांगून ठेवलंय, याला सांभाळ म्हणून." आणि मग मलाही रडू आलं. मयुरेश फॅक्टरीतून आला तर आम्ही दोघं ओट्यापाशी डोळे पुसत उभे. तो म्हणाला, "समजलं का हो हिला, भाऊ?" आणि चप्पल न काढताच त्यांच्या गळ्यात पडला.

२५ जानेवारी

रथसप्तमी. धारच्या मंडळाचा हॉल भरलेला. देवासहून आम्ही तिघं, शिवाय मालनही हट्टानं आली. ताईंनी आदल्या दिवशीच कळवलं होतं की त्या या वेळी परीक्षक नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, एका कथेशी संबंध आहे.

माझा नंबर सहावा. वाचताना वर पाहिलंच नाही. सून चप्पल लपवते तिथे लोक हसले, खळखळून, आणि मला कळलं की ते तिच्यावर प्रेम करताहेत आणि तुकारामासाठी जीवही मुठीत धरून बसलेत. दोन्ही एकाच वेळी. डब्यापाशी आले तेव्हा हॉल इतका शांत झाला की बाहेर रिक्षावाला कोणाला तरी "अरे भिया, साइड में ले ले" म्हणाला ते सगळ्यांनी ऐकलं.

दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका भुताच्या गोष्टीला. ठीक आहे.

मग बायकांचं हळदीकुंकू सुरू झालं. ताईंचे यजमान बारा वर्षांपूर्वी गेले. त्या सवयीनं उठल्या, मागे जाऊन खुर्च्या लावू लागल्या. कोणी त्यांना हाक मारली नाही, आणि वाईट मनानं नव्हे. सगळ्या चांगल्याच बायका होत्या.

मी पिशवीतून माईंची कोयरी काढली. हॉल ओलांडून गेले. ताईंनी कोयरी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, हातातली खुर्ची तशीच धरलेली. "इरावती, मला नाही लावत गं."

"ही माझ्या सासूबाईंची आहे," मी म्हटलं. "घरातल्यांना हिच्यातलंच लावते मी."

त्यांनी खुर्ची खाली ठेवली. मी हळद लावली, कुंकू लावलं, ओंजळीत वाण दिलं. वाण म्हणून पेरू आणले होते, खातेगांवचे म्हणून मुद्दाम मागवलेले. ताईंना हसू फुटलं आणि डोळेही भरले. कोपऱ्यातून मालननं शिट्टी वाजवली. मंडळाच्या सर्वांत जुन्या उमाबाई क्षणभर बघत राहिल्या, मग काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "सर गं, मलाही लावू दे हिला." पुरुषांच्या बाजूला भाऊ नव्या कुडत्याच्या बटणांशी खेळत होते, दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखे.

१ फेब्रुवारी

डायरीची शेवटची पानं. भाऊंची साखर पुन्हा जागेवर. लग्न होळीनंतर, कचेरीत, सह्यांपुरतं, मग घरी दाल-बाफल्यांचं जेवण. तोवर भाऊ दर आठवड्याला धारला जातात. कागद न्यायचा बहाणा उरला नाही, डबा मात्र असतो.

आज ताई इकडे आल्या होत्या. भाजी निवडताना मी विचारलंच, "ताई, खरं सांगा, पहिला खर्डा खरंच इतका वाईट होता?"

"फारच," म्हणाल्या. "दुसरा आणि तिसराही वाईट."

"आणि चौथा?"

त्यांनी मेथीची जुडी उलटीसुलटी केली. "चौथा उत्तम होता. त्याला शेवटचा एक परिच्छेदच हवा होता. तो मी कुरियरनंही सुचवू शकले असते."

"मग प्रश्न विचारून परत का पाठवलात?"

"अगं, मंजूर करून टाकला असता," त्या खाली बघत म्हणाल्या, "तर मग धारला कोणी यायचं कारणच उरलं नसतं."